जुन्या पिकअप ट्रकची चॅसिस आणि सस्पेन्शन : घरगुती फेरबदलांमागील यांत्रिक तत्त्वे

प्रस्तावना

फोर्ड कंपनीने इ.स. १९२५ मध्ये मॉडेल-टी मोटारीला कारखान्यातच मागे माल ठेवण्याची पेटी बसवून ती २८१ डॉलर किमतीस विक्रीस आणली. कारखान्यात तयार झालेल्या पिकअप ट्रकचा आरंभ सामान्यतः येथून मानला जातो. त्यापूर्वी अमेरिकेतील शेतकरी व लहान व्यापारी मोटार घेऊन तिचा मागील भाग स्वतः कापत आणि तेथे लाकडी पेटी ठोकून बसवीत. म्हणजे घरच्या घरी वाहनात फेरबदल करण्याची परंपरा खुद्द पिकअप ट्रकपेक्षाही जुनी आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या परंपरेला छंदाचे रूप आले. घराला जोडलेले गॅरेज, सहज मिळणारी हत्यारे आणि भंगारात स्वस्तात मिळणारे भाग यांमुळे १९५० ते १९८० च्या दशकांतील शेव्हरोले व फोर्ड ट्रक या छंदाचे प्रमुख साधन बनले. शेव्हरोले सी-१० आणि फोर्ड एफ-१०० ही त्यांतील ठळक नावे होत. या ट्रकची उंची कमी करणे, त्यांना आधुनिक सस्पेन्शन बसविणे व चॅसिस बळकट करणे ही कामे आजही तेथे असंख्य घरांत चालतात.

वरवर पाहता हा हौसेचा विषय वाटतो. तथापि चॅसिस कापणारी व्यक्ती ज्या वाहनाचे गणित बदलते, ते वाहन पुढे सार्वजनिक रस्त्यावर धावणार असते. कारखान्यातील अभियंत्याला चाचणी मैदान व प्रयोगशाळा उपलब्ध असते. घरच्या कारागिराला त्यांपैकी काहीही उपलब्ध नसते. अशा स्थितीत सुरक्षितता कशाच्या आधारे साधता येते, हा या विषयातील मूलभूत प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे

१. शिडीवजा चॅसिसची रचना व तिच्यातील भारवहनाचा मार्ग स्पष्ट करणे.
२. चॅसिसला खाच पाडणे व ती बंदिस्त करणे यांचा तिच्या बळकटीवर होणारा परिणाम साध्या गणिताने दाखविणे.
३. सस्पेन्शनमधील एका बदलामुळे अन्य घटकांवर होणाऱ्या परिणामांची साखळी मांडणे.
४. घरगुती कामातील मोजमाप, वेल्डिंग व कायदेशीर जबाबदारी यांचा विचार करणे.

शिडीवजा चॅसिस व भाराचा मार्ग

जुन्या पिकअप ट्रकची चॅसिस शिडीसारखी असते. समोरून मागेपर्यंत जाणाऱ्या दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉसमेंबर ही तिची मूळ रचना होय. तुळईचा छेद बहुधा इंग्रजी 'सी' अक्षरासारखा, म्हणजे तीन बाजूंनी बंद व एका बाजूने उघडा असतो. मधली उभी पट्टी आणि वर-खाली आडव्या कडा असे तिचे तीन भाग पडतात. क्रॉसमेंबर तुळयांना बहुधा रिव्हेटने जोडलेले असतात.

पेटीतील मालाचे वजन तुळयांवर येते. तेथून ते हँगरमार्फत पाट्यांवर, पाट्यांवरून यू-बोल्टने आवळलेल्या आसावर आणि शेवटी चाकांवर जाते. रस्त्यावरील धक्का याच मार्गाने उलट दिशेने वर चढतो. या साखळीतील प्रत्येक दुवा शेजारच्या दुव्याचे माप गृहीत धरून आखलेला असतो. म्हणून 'फक्त पाटा बदलला' किंवा 'फक्त थोडी खाच पाडली' असे विधान यांत्रिकदृष्ट्या अपुरे ठरते. एक दुवा बदलला की संपूर्ण मार्ग नव्याने तपासावा लागतो. घरगुती फेरबदलांचे यशापयश प्रामुख्याने या एका तत्त्वावर अवलंबून असते.

वाक आणि पीळ : दोन वेगळ्या कसोट्या

चॅसिसला दोन प्रकारच्या विरूपणाशी सामना करावा लागतो. मालाच्या वजनाने तुळई वाकते. एक चाक खड्ड्यात व दुसरे उंचवट्यावर गेले की संपूर्ण शिडी पिळली जाते. उघड्या छेदाची तुळई वाकण्यास चांगला विरोध करते, परंतु पिळास फारच थोडा. जुन्या मालवाहू ट्रकच्या बाबतीत हा निव्वळ दोष नव्हता. ताठर पाट्यांच्या गाडीत चॅसिस काहीशी पिळली गेल्याने चारही चाके खडबडीत जमिनीवर टेकून राहण्यास मदत होत असे.

आधुनिक, अचूक वळणाऱ्या सस्पेन्शनला मात्र पिळणारी चॅसिस चालत नाही. म्हणून घरगुती कारागीर तुळईच्या उघड्या बाजूवर पोलादी पट्टी वेल्ड करून छेद पेटीसारखा बंद करतात. याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. तुळईची उंची १५० मि.मी., कडांची रुंदी ६० मि.मी. आणि पत्र्याची जाडी ४ मि.मी. आहे असे समजू. त्याच जाडीची पट्टी लावून छेद बंद केल्यास वाकण्यास होणारा विरोध सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. परंतु शुद्ध पिळास होणारा विरोध सैद्धान्तिक सूत्रानुसार सुमारे ४९० पट होतो. उघड्या छेदात पिळाचा विरोध जाडीच्या घनावर अवलंबून असतो. बंद छेदात तो वेढलेल्या क्षेत्रफळाच्या वर्गावर अवलंबून असतो. या मूलभूत फरकामुळे एवढी तफावत पडते.

हा आकडा केवळ एका सुट्या तुळईचा आहे, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. प्रत्यक्षात तुळईची टोके क्रॉसमेंबरने जखडलेली असल्याने उघडी तुळईही या सूत्रापेक्षा अधिक ताठ असते, आणि संपूर्ण चॅसिसचा ताठरपणा सांध्यांवरही ठरतो. शिवाय चॅसिसचा काही भाग बंद व काही उघडा ठेवल्यास ताठर आणि लवचीक भागांच्या सीमेवर प्रतिबल एकवटते. पट्टी एकाएकी न संपवता तिचे टोक निमुळते करण्याची पद्धत याच कारणाने रूढ झाली.

खाच पाडण्याचे गणित

ट्रक खाली आणण्याचा एक प्रचलित मार्ग म्हणजे मागील आसाची जागा पालटणे. ज्या ट्रकमध्ये पाटे आसाच्या वर बसवलेले असतात, उदा. १९७३ ते १९८७ या काळातील शेव्हरोले सी-१०, तेथे आस पाट्यांच्या खालून काढून वर बसविला जातो. त्यामुळे आसाच्या नळीचा व्यास आणि पाट्यांच्या थराची जाडी यांच्या बेरजेइतका ट्रक खाली येतो. हे अंतर सामान्यतः पाच ते सहा इंच भरते.

येथेच नवा प्रश्न उभा राहतो. ट्रक जितका खाली येतो, तितकेच आस आणि त्यावरील तुळई यांच्यातील अंतर कमी होते. मूळ अंतर १५० मि.मी. असून ट्रक १२५ मि.मी. खाली आणला, तर आसाला वर जाण्यास केवळ २५ मि.मी. जागा उरते. पहिल्याच मोठ्या खड्ड्यात आस तुळईवर आदळेल. अशा वेळी स्प्रिंग कामाचीच राहत नाही व सर्व धक्का सरळ चॅसिसला बसतो. म्हणून आसाच्या वरच्या भागात तुळईला खालून खाच पाडून जागा मोकळी केली जाते.

ही खाच किती महाग पडते, हे वरील उदाहरणातील तुळईवरूनच पाहता येईल. १५० मि.मी. उंचीपैकी खालची ७५ मि.मी. कापली, तर सामान्य माणसास वाटेल की निम्मी ताकद उरली. वस्तुस्थिती तशी नाही. उंची निम्मी होण्याबरोबरच खालची संपूर्ण कड नष्ट झालेली असते. उरलेल्या छेदाचा वाकण्यास होणारा विरोध मूळच्या सुमारे बाराव्या हिश्श्यावर येतो आणि तेवढ्याच भाराने निर्माण होणारे कमाल प्रतिबल सुमारे आठपट होते. वाकण्याच्या क्रियेत सर्वांत मोठा भार कडाच वाहतात. मधली पट्टी मुख्यतः त्यांना एकमेकींपासून दूर ठेवण्याचे काम करते.

यावरून खाचेच्या दुरुस्तीचे नियम आपोआप निष्पन्न होतात. खाचेच्या वक्र कडेलगत नवी कड बसविणे अनिवार्य ठरते. बाजारात मिळणारे कमानीच्या आकाराचे जाड तुकडे याच हेतूने असतात. केवळ बाजूला सपाट पट्टी लावल्याने गेलेली कड भरून निघत नाही. पूरक पट्टी खाचेच्या दोन्ही बाजूंस पुरेशी पुढे न्यावी लागते, म्हणजे भार कापलेल्या भागाला वळसा घालून निरोगी तुळईत उतरतो. खाचेचा कोपरा टोकदार नसून गोलाकार असावा लागतो, कारण टोकदार कोपऱ्यात वारंवारच्या धक्क्यांनी सूक्ष्म भेग निर्माण होऊन ती हळूहळू वाढते. धातूच्या या थकव्यामुळे होणारा बिघाड पहिल्या दिवशी दिसत नाही. तो हजारो मैलांनंतर प्रकट होतो. थोडी फेरी मारून 'गाडी नीट चालली' असा निष्कर्ष काढणे म्हणूनच फसवे आहे.

सस्पेन्शनमधील बदलांची साखळी

ट्रक खाली आणल्याने होणारा लाभ खरा आहे. वळणावर आतल्या चाकांवरचे वजन बाहेरच्या चाकांवर सरकते व हे प्रमाण गुरुत्वमध्याच्या उंचीवर अवलंबून असते. १८०० किलोचा ट्रक, १.६ मीटर चाकांतर आणि गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या त्वरणाने घेतलेले वळण असे धरल्यास, ७०० मि.मी. उंचीच्या गुरुत्वमध्यासाठी सुमारे ३९४ किलो भार सरकतो, ५७५ मि.मी. उंचीसाठी तो सुमारे ३२३ किलो होतो. परंतु हा लाभ पदरात पडण्यासाठी पुढील बाबी सांभाळाव्या लागतात.

(अ) कॉइल स्प्रिंग : १९६३ पासून शेव्हरोले सी-१० ला पुढे कॉइल स्प्रिंग आल्या आणि १९७२ पर्यंतच्या बहुतेक सी-१० ट्रकना मागेही कॉइल स्प्रिंगच असत. स्प्रिंगचा ताठरपणा तिच्या कार्यक्षम वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. दहा वेढ्यांपैकी दोन कापले तर ती २५ टक्के अधिक ताठ होते. कमी झालेल्या हालचालीच्या दृष्टीने हे काही प्रमाणात उपकारकही असते. याउलट, गॅसच्या ज्योतीने तापवून स्प्रिंग खाली बसविण्याची जुनी युक्ती सर्वस्वी त्याज्य आहे, कारण तिच्यामुळे पोलादाला दिलेले पाणी उतरते. दबलेली स्प्रिंग काढणे हे या कामातील सर्वांत धोक्याचे क्षण होत. प्रति मि.मी. ५० न्यूटन ताठरपणाची स्प्रिंग २०० मि.मी. दाबलेली असल्यास तिच्यात १००० ज्यूल ऊर्जा साठते. १०० किलो वजन सुमारे एक मीटर उंचीवरून पडावे, इतकी ही ऊर्जा आहे.

(आ) पुढील चाकांची भूमिती : स्प्रिंग आखूड केल्यास वरचे-खालचे दांडे तिरपे होतात आणि चाकाचा कल बदलतो. स्टिअरिंगचा दांडा वेगळ्या वर्तुळावर फिरू लागल्यास चालकाने स्टिअरिंग न हलवताही खड्ड्यात चाक वळते. हा दोष टाळण्यासाठी चाकाचा अक्ष वर सरकवलेले स्पिंडल वापरले जातात. त्यामुळे दांड्यांचे मूळ कोन कायम राहून ट्रक खाली येतो.

(इ) पॅनहार्ड दांडा : कॉइल स्प्रिंगच्या मागील आसाला आडवे धरून ठेवणारा हा दांडा एका टोकास चॅसिसला व दुसऱ्या टोकास आसाला जोडलेला असतो. ट्रक खाली आला की दांड्याचा कोन बदलतो व आस एका बाजूस सरकतो. त्यासाठी लांबी कमी-अधिक करता येणारा दांडा बसवावा लागतो.

(ई) प्रोपेलर शाफ्ट : युनिव्हर्सल जॉइंट कोनात फिरताना बाहेर जाणारी गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होते. ३ अंशांच्या कोनात हा चढउतार सुमारे ०.१४ टक्के, तर १० अंशांत सुमारे दीड टक्का असतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन समान ठेवल्यास चढउतार एकमेकांना छेद देतात. आस पालटताना पाट्याची बैठक नळीवर नव्याने वेल्ड करावी लागते आणि त्याच क्षणी डिफरन्शिअलचा कोन कायमचा ठरतो. म्हणून बैठक आधी फक्त टाके घालून अडकवावी, ट्रकचे पूर्ण वजन चाकांवर आणून कोन मोजावा आणि त्यानंतरच पक्के वेल्डिंग करावे, असा क्रम पाळला जातो.

(उ) संपूर्ण पुढील सस्पेन्शन बदलणे : फोर्ड मस्टँग-२ या १९७४ ते १९७८ मधील लहान मोटारीच्या पुढील सस्पेन्शनची रचना जुन्या ट्रकमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. अलीकडे २००३ ते २०११ मधील फोर्ड क्राउन व्हिक्टोरियाचे सबंध पुढील सस्पेन्शन एफ-१०० ला जोडण्याची प्रथाही रूढ झाली आहे. मस्टँग-२ च्या मूळ रचनेत खालच्या दांड्याला एक तिरपा आधार असे व तो ब्रेकचा जोर चॅसिसच्या दुसऱ्या बिंदूपर्यंत नेत असे. बाजारातील अनेक संचांत हा आधार वगळून रुंद पायाचा दांडा दिलेला असतो. परिणामी सर्व जोर नव्या क्रॉसमेंबरवर व त्याच्या वेल्डिंगवर येतो. भाग तोच दिसला, तरी भाराचा मार्ग बदललेला असतो.

मोजमाप : ओळंबा आणि खडू

घरच्या गॅरेजमध्ये चॅसिस सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. चॅसिस पक्क्या आधारांवर समपातळीत ठेवावी. दोन्ही तुळयांवरील परस्परांशी जुळणाऱ्या कारखानी छिद्रांतून ओळंबा सोडून फरशीवर खुणा कराव्यात. समोरासमोरच्या खुणा जोडणाऱ्या कर्णांची लांबी समान असावी आणि सर्व कर्णांचे छेदनबिंदू एका सरळ मध्यरेषेवर यावेत. तसे न झाल्यास चॅसिस एका बाजूस सरकलेली किंवा वाकलेली आहे असे समजावे. या पद्धतीमागे केवळ शालेय भूमिती आहे. तरीही दक्षतेने वापरल्यास काही मि.मी.चा दोषही ती उघड करते.

मोजमाप कापण्यापूर्वी होणे आवश्यक आहे. पुढील आसाची मूळ मध्यरेषा मडगार्डपासून चॅसिसवर उतरवून तेथे कायमची खूण केली नाही, तर क्रॉसमेंबर निघाल्यावर ती माहिती परत मिळत नाही. त्याचप्रमाणे तयार ट्रक पुढे किती झुकलेला राहणार हे आधी ठरवून चॅसिस त्याच कोनात ठेवावी लागते. एरवी पुढील चाकांचा कल चुकतो. गंजाची तपासणीही याच टप्प्यावर करावी. तुळई व क्रॉसमेंबर एकमेकांवर बसतात त्या फटींत गंज दडलेला असतो आणि पत्र्याची जाडी तेथे निम्म्यावर आलेली असू शकते. अशा तुळईला वरील गणित लागू पडत नाही.

वेल्डिंगमधील दक्षता

या काळातील हलक्या पिकअप ट्रकच्या तुळया सामान्यतः मऊ पोलादाच्या असल्याने त्यांचे वेल्डिंग शक्य होते. जड ट्रकच्या, उष्णतेची प्रक्रिया दिलेल्या तुळयांस मात्र कापणे व वेल्ड करणे वर्ज्य मानले जाते. वेल्डिंगलगतचा पट्टा तापून त्याचे गुणधर्म बदलतात. म्हणून तुळईवर सरळ उभा सांधा टाळून तिरपा सांधा दिला जातो आणि पूरक पट्टीचे टोक शंकरपाळ्याच्या आकारात कापले जाते. त्यायोगे तुळईच्या एकाच छेदात संपूर्ण कमकुवत पट्टा येत नाही. कापण्यापूर्वी चॅसिसला तात्पुरते आडवे-तिरपे आधार वेल्ड करून, नंतर आळीपाळीने दोन्ही बाजूंस लहान टाके घेतल्यास तुळई वाकत नाही.

व्यक्तिगत सुरक्षेचे काही धोके या ट्रकना विशेष आहेत. १९७२ पर्यंतच्या सी-१० मध्ये पेट्रोलची टाकी चालकाच्या केबिनमध्ये, आसनामागे असे. टाकी काढल्याशिवाय जवळपास ठिणगी पडणे घातक आहे. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग केल्यास फॉस्जीन हा विषारी वायू निर्माण होऊ शकतो. केवळ जॅकवर तोललेल्या ट्रकखाली शिरू नये, हा नियम तर सर्वांत जुना आणि सर्वाधिक मोडला जाणारा आहे.

कायदा आणि जबाबदारी

अमेरिकेत वाहनांची संघीय सुरक्षा मानके १९६८ पासून अमलात आली. कारखानदार, विक्रेते व दुरुस्ती व्यावसायिक यांनी सुरक्षा साधने जाणूनबुजून निकामी करू नयेत, असे संघीय कायदा सांगतो. स्वतःच्या वाहनात बदल करणाऱ्या मालकास मात्र ही बंदी लागू नाही. त्याचे नियमन राज्यांवर सोपविलेले आहे आणि राज्याराज्यांत त्यात मोठी भिन्नता आढळते.

कॅलिफोर्नियाचे उदाहरण बोलके आहे. चाकाच्या रिमच्या सर्वांत खालच्या कडेपेक्षा वाहनाचा कोणताही भाग खाली येऊ नये, असा नियम तेथे १९५८ पासून होता. १९५९ मध्ये रॉन अगिरे यांनी आपल्या मोटारीस विमानांच्या जुन्या हायड्रॉलिक भागांपासून उंची बदलणारी यंत्रणा बसविली; थांबल्यावर खाली व पोलीस दिसताच वर, असा तिचा उपयोग होता. मेक्सिकन-अमेरिकन समाजात वाढलेल्या 'लोरायडर' संस्कृतीशी निगडित असलेला हा नियम १ जानेवारी २०२४ पासून रद्द झाला. नियम गेला, तरी त्यातील माप यांत्रिकदृष्ट्या आजही ग्राह्य आहे. टायरमधील हवा अचानक गेल्यास ट्रक रिमवर बसतो. त्या वेळी पाटा किंवा यू-बोल्टची पट्टी रस्त्याला टेकली, तर वाहन चालकाच्या ताब्यात राहत नाही.

भारतातील स्थिती वेगळी आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत असा बदल करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात हे तत्त्व अधोरेखित केले. २०१९ च्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली. म्हणून येथील विद्यार्थ्यांना असा अनुभव मिळण्याचे उचित स्थान रस्त्यावरील वाहन हे नसून 'बाहा एसएई इंडिया' सारख्या स्पर्धा हे आहे. त्यांत अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ स्वतः चौकट आखून वाहन बांधतात आणि ते तांत्रिक तपासणीस सामोरे जाते.

निष्कर्ष

१. चॅसिस व सस्पेन्शन या दोन स्वतंत्र वस्तू नसून भाराच्या एकाच मार्गाचे भाग आहेत. त्यातील कोणताही बदल एकाकी राहत नाही.
२. छेद बंद केल्याने पिळास होणारा विरोध अनेक पटींनी वाढतो, तर वाकण्यास होणारा विरोध तुलनेने थोडाच वाढतो. याउलट अर्ध्या उंचीची खाच वाकण्यास होणारा विरोध बाराव्या हिश्श्यावर आणते. नवी कड न बसवता पाडलेली खाच म्हणूनच असुरक्षित होय.
३. बाजारातील तयार संचामुळे गणिताची जबाबदारी संपत नाही. संच बनविणाऱ्याला प्रत्येक जुन्या तुळईचा गंज, वाक व पूर्वीची दुरुस्ती ठाऊक नसते. ती पाहणे कारागिराच्याच हाती असते.
४. प्रयोगशाळेच्या अभावी घरच्या कारागिराकडे कापण्यापूर्वीचे मोजमाप, पक्क्या वेल्डिंगपूर्वीची फेरतपासणी आणि वाहन रस्त्यावर आल्यानंतर ठरावीक अंतराने भेगांचा शोध, ही तीनच साधने उरतात. ती साधी आहेत, परंतु त्यांपैकी एकही वगळता येण्याजोगे नाही.
५. जेथे कायदा मालकाला मोकळीक देतो, तेथे ओळंबा धरणाऱ्या हाताची जबाबदारी वाढते. कारण बदल करणारा एक असला, तरी त्याच्या परिणामाचे भागीदार रस्त्यावरील सर्वच असतात.